गडग्याच्या दोन बाजू: देवगड तालुक्यातल्या एका सड्याचं प्रकरण

आमच्या वाडीच्या डोक्यावर सडा आहे. जांभ्या दगडाचा, जवळजवळ सपाट. मे महिन्यात अनवाणी पाऊल ठेववत नाही असा तापलेला काळा कातळ. २०११ साली या सड्याच्या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागाभोवती छातीएवढा उंच गडगा, म्हणजे नुसत्या दगडांची भिंत, घातला गेला. जमीन मुंबईत राहणाऱ्या तीन भावांची, सामायिक सातबाऱ्यावरची. तिथे हापूसची कलमं लावायची होती. सुरुंग लावून खड्डे काढायचे, खालून माती चढवायची, पाण्याची टाकी बांधायची, असा सगळा हिशेब मांडल्यावर बेत लांबत गेला आणि पुढे भावांत वाटपाचा प्रश्न निघाला. कलम एकही लागलं नाही, गडगा तेवढा राहिला. अकरा वर्षं सड्याचा अर्धा भाग गुरांना बंद आणि अर्धा उघडा राहिला. कोणी न ठरवता आमच्या डोळ्यांसमोर एक प्रयोग होऊन गेला.

महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवून मी २०१७ मध्ये गावी परतलो. पुढच्या पावसाळ्यापासून या गडग्याच्या दोन्ही बाजूंनी नेमाने फिरतो. गुरं फुलांची वैरी आहेत हा एक समज, आणि गुरं सोडली की फुलं आपसूक येतात हा त्याच्या उलट समज. आमच्या सड्याने दोन्ही खोटे पाडले. ते कसं, हे सविस्तर सांगण्यासारखं आहे.

सड्यावर काय उगवतं

सातबाऱ्यावर या जमिनीपुढे ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं. लागवडीला अयोग्य, म्हणून खराब. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सड्यावरून तो जवळजवळ सगळा वाहून जातो. माती कुठे बोटभर, कुठे वीतभर, पुष्कळ ठिकाणी नाहीच. जून उजाडला की कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि चार महिन्यांचं एक जग उभं राहतं. पहिल्या पावसाबरोबर दिपकाडीची पांढरी फुलं येतात. कांद्यासारखा कंद असलेली ही वनस्पती कोकणच्या कातळाचीच, तिच्या शास्त्रीय नावातही कोकण आहे. ऑगस्टमध्ये पांढऱ्या गुंड्यांसारखे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, चिकट थेंबांनी किडे धरणारा दवबिंदू, मग पिवळा कवळा, कडेच्या जाड मातीत तेरडा. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं संपतं.

सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे खातात, कारण या मातीत नत्र आणि स्फुरद अगदी थोडं आहे. हे आजार नव्हे, सड्याची प्रकृतीच तशी आहे. माती पातळ आणि उपाशी असल्यामुळेच ही वीतभर उंचीची, बोटभर उंचीची झाडं इथे टिकतात. खत घातलं तर ती आधी जातील, कारण त्यांच्यापेक्षा उंच आणि आडदांड झाडांना जागा मिळेल. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगितली.

गडग्याशी काय दिसलं

दोन बाजूंची तुलना गडग्याला लागून करून चालत नाही. पावसात वाहून येणारी माती गडग्याच्या पायथ्याशी अडते, तिथली माती जाड होते आणि झाडं वेगळी येतात. म्हणून मी दोन्हीकडे वीसेक पावलं आत जाऊन, मातीची खोली सारखी असलेल्या जागा निवडल्या. बांबूच्या चार काठ्यांचा हातभर लांब-रुंद चौकोन करून घेतला आणि त्यात जे दिसेल ते उकिडवा बसून वहीत उतरवलं.

सप्टेंबर २०१८ मधली एक सकाळ. उघड्या बाजूला चौकोनात गवत बोटभर, शेंडे खुडलेले, काही ठिकाणी खुराचा ठसा आणि त्यात साचलेलं पाणी. त्या एका ठशाच्या काठावर सीतेच्या आसवांची सात फुलं. बाजूला गेंद दाटीने उभे, त्यांच्यामध्ये कवळ्याचं एक आडवं पसरलेलं रोप. गवताला गुरांनी तोंड लावलेलं स्पष्ट दिसत होतं, गेंद तसेच होते. गाय जीभ गुंडाळून गवताचा झुबका ओढते. बोटभर उंचीचं, जमिनीला चिकटलेलं झाड तिच्या जिभेत येतच नाही. शिवाय गवताचा कोंब बुडाशी असतो, वरचं पान तुटलं तरी ते पुन्हा वाढतं. रानझुडपाचा कोंब शेंड्याला असतो. तो खुडला गेला की ते खुंटतं.

गडग्यावरून उडी मारून आत गेलो. गवत मांडीपर्यंत. त्यात कुसळीच फार, आणि वाऱ्याने ते एका बाजूला लवलेलं. हाताने दुभंगलं तर खाली गेल्या वर्षीच्या सुक्या काड्यांचा भिजलेला, तपकिरी, हाताला चिकटणारा थर. तो उचलला. त्याखाली गेंदाचं एक रोप सापडलं. त्याची पानं पिवळसर, लांबट, उजेड शोधत एका बाजूला वळलेली. फूल नव्हतं. अकरा चौकोन पाहिले, दवबिंदू एकात नव्हता. मात्र जिथे माती अजिबात नाही, नुसता कातळ आणि त्यावर शेवाळ, तिथे आत-बाहेर काहीच फरक नव्हता. त्या जागी पाणी आणि दगड ठरवतात, गुरांचा संबंध नाही. सड्यावरचं सगळंच गुरांच्या नावावर जमा करायचा मोह होतो, तो टाळायला हवा.

फरक होता तो बोटभर ते वीतभर मातीच्या पट्ट्यात. आणि तिसरीकडेही, म्हणजे कडेच्या जाड मातीत. उघड्या बाजूला तिथे करवंदीच्या जाळ्या होत्या आणि जाळीच्या पोटातून ऐनाची, किंजळाची रोपं वर आलेली. काट्यामुळे गुराचं तोंड आत जात नाही, म्हणून झाड वाचतं. बंद बाजूला करवंदी होतीच, पण तिला झाकून रानमोडीचं तण वाढलेलं. रानमोडीला गुरं तोंड लावत नाहीत, तेव्हा ती गुरं नसल्यामुळे आली असं म्हणता येणार नाही. मला वाटतं, रोज शेकडो खुरांनी तुडवली जाणारी जमीन तिच्या कोवळ्या रोपाला जमू देत नव्हती. ते तुडवणं थांबलं. त्यात ऑस्ट्रेलियन बाभळीची पोरं. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्याकडेला लावलेल्या झाडांचं बी इथवर पोहोचलेलं.

इथे मी एकदा चुकीचा निष्कर्ष काढला. २०१९ च्या फेब्रुवारीत बंद बाजूला वणवा लागला. साचलेल्या सुक्या गवताने असा पेट घेतला की शेजारची काजूची रोपं होरपळली. पुढच्या पावसाळ्यात आत बऱ्यापैकी फुलं आली आणि मी वहीत लिहिलं की बंद ठेवल्याने फारसं नुकसान नाही. पुढच्या दोन वर्षांत गवत पुन्हा माजलं, फुलं पुन्हा गेली. पहिल्या वर्षी फुलं आली ती जुना थर जळून उजेड मिळाल्यामुळे. गुरांनी रोज थोडं थोडं उचललं असतं ते आगीने एका दुपारी उचललं, इतकंच.

तात्या

इथवरचं उत्तर सोपं होतं: गुरं आत सोडा. मी तेच धरून बसलो असतो, पण उघड्या बाजूला सगळं ठीक नव्हतं. सड्याच्या मध्यावर एक तळी आहे. तिच्या सभोवती टाकळा माजला होता, पाणी हिरवं झालं होतं आणि काठावर दवबिंदू, सीतेची आसवं यांपैकी काही नव्हतं. जमीन खुरांनी घोटलेली, आंबट वासाची. म्हणजे एकाच सड्यावर चराई थांबल्याने बिघडलेली जागा आणि चराईनेच बिघडलेली जागा.

आमच्या भावकीतले तात्या तेव्हा ऐंशीच्या पुढचे. लहानपणापासून पन्नाशीपर्यंत त्यांनी वाडीची गुरं राखली. मी त्यांना विचारलं, “तात्यानू, आधी तळीकडे अशी घाण असायची?” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “झिला, गुरां काय खातत ता बघू नको. सांजेक खंय जातत ता बघ.”

मला ते कळायला चार-पाच दिवस लागले. पूर्वी पावसाळ्यात शेतं लागलेली असत, म्हणून गुरं सड्यावर. प्रत्येक घराची पाळी, शिवाय एक कायमचा राखणी. सकाळी सोडायची, वेगवेगळ्या बाजूंनी फिरवायची, दुपारी गोठणीवर, म्हणजे गुरांच्या विसाव्याच्या जागी, बसवायची, दिवेलागणीला गोठ्यात. रात्रभराचं शेण गोठ्यात पडे, तिथून गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, जाई, आणि पावसाच्या तोंडावर भाताच्या शेतात. म्हणजे गुरं रोज सड्यावरचं गवत पोटात घेऊन खाली येत आणि त्यातला निम्म्याहून जास्त कस खाली ठेवून पुन्हा रिकाम्या पोटाने वर जात. पिढ्यानपिढ्या सडा असा थोडाथोडा उपसला गेला. तो उपाशी राहिला, म्हणून त्याची बारकी फुलं राहिली. आणि तेच पोषण भातात उतरलं. दुपारची गोठण तेवढी अपवाद. तिथे शेण साचे, टाकळा उगवे, आणि ती जागा मुद्दाम तळीपासून दूर, आंब्याच्या सावलीत ठरवलेली असे. कोकणात गोठणे नावाची गावं आहेत, ती याच शब्दावरून. अख्ख्या सड्यात एकच जागा घाण करायची हे त्या व्यवस्थेचं शहाणपण होतं.

आता बैलांची कामं पॉवर टिलर करतो. देशी गुरं सगळीकडेच कमी होताहेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरं २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटलेली दिसली. आमच्या वाडीत गुरं तर घटलीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे राखणी गेला. भाकड गाय, म्हातारा बैल यांना गिऱ्हाईक नाही, गोठा सांभाळायला घरात माणूस नाही. पूर्वी उनाड गुरं म्हणजे भात कापून झाल्यावर मोकळी सोडलेली गुरं. ती उन्हाळ्यापुरती उनाड असत. आता ती बारमाही उनाड आहेत. त्यांना पाणी जवळ हवं, म्हणून ती तळीशी राहतात. रात्री डांबरी रस्त्यावर येऊन बसतात, कारण रस्ता कोरडा आणि कोमट असतो. सड्याच्या लांबच्या कोपऱ्यात कोणी हाकलल्याशिवाय जात नाहीत. त्यामुळे वीसेक गुरांचं सगळं शेण-मूत तळीच्या भोवती, आणि लांबच्या कोपऱ्यांत तोंड लागत नाही. गुरं तीच, सडाही तोच. संध्याकाळी घरी जाणं तेवढं थांबलं.

दुसरीकडे असंच झालेलं

इतर डोंगरांवर याच गोष्टी वेगळ्या रूपात घडल्या आहेत. उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला १९८२ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तिथली चराई बंद झाली. त्यानंतर तिथे ‘अमेला’ नावाची, माणसाच्या उंचीएवढी वाढणारी वनस्पती पसरत गेली आणि वन विभागाला ती दर वर्षी काढावी लागते. डोंगर नव्हे, पण भरतपूरच्या केवलादेव उद्यानात त्याच साली म्हशींची चराई बंद केली. त्यावरून आंदोलन झालं, गोळीबारात माणसं गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून दिसलं की म्हशी नसल्याने पाणथळीत गवत माजून पक्ष्यांना लागणारं उघडं पाणी आक्रसलं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर गर्दी आणि गुरं आवरायला जाळीचं कुंपण आलं. मग फुलं कमी होताहेत, गवत वाढतंय अशी ओरड झाली, आणि अखेर कुंपण काढण्यात आलं.

आमच्या सड्याला सगळ्यात जवळचं उदाहरण मात्र मला आल्प्सचं वाटतं. तिथे उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणांत नेतात. जिथे ही चराई सुटली तिथे हिरवा आल्डर नावाचं झुडूप पसरलं. ते मुळांवाटे हवेतला नत्र जमिनीत धरतं, माती श्रीमंत होते आणि कुरणातल्या बारक्या वनस्पती कमी होतात. आमची ऑस्ट्रेलियन बाभूळसुद्धा नत्र धरणारी आहे. उपाशी मातीत अशा झाडाचं येणं हे नुसतं सावलीचं संकट नसतं, ते जमिनीचा स्वभाव बदलतं. झाड तोडल्यावरही बदललेली माती मागे राहते.

सह्याद्रीच्या माथ्यावर गवळी धनगरांनी म्हशी राखून, लोणी-तूप विकून पिढ्या काढल्या. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली त्यांच्या जगण्याचा पर्यावरणाच्या अंगाने अभ्यास मांडला. माणूस आणि जनावर यांचं डोंगराशी असलेलं नातं मोजायचं तर डोकी मोजून भागत नाही, त्यांची ये-जा पाहावी लागते, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

आणि गुरांच्याही आधी? राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलेला आहे. कोकणच्या कातळशिल्पांत गेंडाही सापडतो. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ज्यांनी ती कोरली त्यांनी ही जनावरं पाहिली असतील, तर सड्याला चरणाऱ्या तोंडांची ओळख आपल्या गोठ्यांपेक्षा फार जुनी आहे. त्या हत्तीच्या पाठीवर पावसाळ्यात गेंद उगवतात. ते पाहताना मला नेहमी हाच विचार येतो.

वाडीने काय केलं

२०२२ च्या गणपतीत मुंबईचे तिन्ही भाऊ गावी आले होते. त्यांना मी गडग्यावर उभं केलं आणि दोन्ही बाजू दाखवल्या. तिघांपैकी धाकट्याला वणव्याची भीती होती. काजूवाल्या शेजाऱ्याने नुकसानभरपाईचा विषय काढलेला होता. गवत कमी होईल हे ऐकून तो तयार झाला, फुलांमुळे नव्हे. गडग्याला दोन ठिकाणी बेडं, म्हणजे गुरांना ये-जा करायला दार, केलं. अटी साध्या होत्या: मृगापासून श्रावण लागेपर्यंत गवत कोवळं असताना गुरं आत, पुढे गेंदाचं बी पडेपर्यंत बंद, दिवाळीनंतर उरलेलं गवत कापून वैरणीला न्यायचं. यात नवीन काही नाही. आमच्याकडे चराईचा सडा आणि कापणीचा सडा असे दोन प्रकार पूर्वीपासून होते. गवत विळ्याने काढलं काय आणि तोंडाने काढलं काय, ते सड्यावरून खाली जातं हे महत्त्वाचं.

तळीचा बंदोबस्त अवघड गेला. शेवटी तळीच्या खालच्या अंगाला सिमेंटची लांब कुंडी बांधली, पाइपने पाणी सोडलं आणि तळीला काट्यांची वई घातली. वई दर वर्षी नवी करावी लागते. उनाड गुरांचे मालक शोधून काढले, दोन गुरांना मालकच निघाला नाही. एका माणसाला पावसाळ्याचे चार महिने राखणी म्हणून ठेवलं. तो सकाळी गुरं तळीपासून हाकलून लांबच्या कोपऱ्यात नेई आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या गोठ्यात. हे शेवटचं काम मी लेखी घालून घेतलं.

तीन पावसाळे गेले. बंद बाजूला पातळ मातीच्या पट्ट्यात दुसऱ्याच वर्षी गेंद परतले. तिसऱ्या वर्षी सीतेची आसवं आली, गुरांच्या वाटेच्या कडेने, खुरांच्या ठशांतून. दवबिंदू अजून एकाच जागी आहे, बेड्याच्या आत पंधरा पावलांवर. वणवा लागलेला नाही. तळीच्या काठावरचा टाकळा विरळ झाला, पण पाणी अजून हिरवंच असतं, कारण इतक्या वर्षांचं शेण गाळात बसलं आहे.

रानमोडी मात्र गुरं आणून हटली नाही. तिची मुळं जमलेली होती. गुरं तिला वळसा घालून जातात. दोन मे महिने आम्ही कुदळ घेऊन ती खणून काढली. बाभळीची पोरं उपटली, मोठी तोडली. जिथे बाभूळ सात-आठ वर्षांची होती तिथे आता दाट उंच गवत येतं, गेंद नाहीत. म्हणजे उशीर झाला की नुसतं गुरू परत आणून जुनं सगळं परत मिळत नाही. हे मी आधी धरून चाललो नव्हतो.

तात्या २०२३ च्या पावसाळ्यात वर आले होते, काठी टेकत, दोघांनी धरून. त्यांनी फुलांकडे फारसं पाहिलं नाही. बेड्याशी दगडावर बसले आणि संध्याकाळी गुरं बाहेर पडताना एकेक मोजत राहिले. एक कमी भरलं. राखण्याला परत पाठवलं. ते गुरू तळीच्या वईशी मान आत घालून उभं होतं.

राखण्याचा पगार तीन वर्षं आठ घरांनी उचलला. त्यातल्या दोन घरांनी आता गुरं विकली आहेत, आणि गुरं नसताना पैसे का द्यायचे असं ते विचारतात. मी त्यांना शेणखताचं सांगितलं, वणव्याचं सांगितलं. उरलेल्या सहा घरांवर बोजा वाढतो. मृगाला अजून तीन आठवडे आहेत आणि येत्या रविवारी देवळात बैठक आहे.